भोकं पंचवीसच, पण एलपीटी कार्ड वेगळं आणि यूएसबी-पॅरलल केबल वेगळी

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपांत लाकडावर, अ‍ॅक्रिलिकवर कोरीव काम करणारे सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणारी कोरण्याची मशीनं, अजूनही जुन्या कॉम्प्युटरवर चालताना दिसतात, कारण त्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट, म्हणजे प्रिंटर जोडायचा जुना पंचवीस भोकांचा पोर्ट, आहे. तो कॉम्प्युटर बंद पडला की नवा येतो, नव्याला हा पोर्ट नसतो, आणि मग एमजी रोडवर शोधाशोध सुरू होते. समोर दोन वस्तू येतात. एक, मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारं एलपीटी कार्ड (एलपीटी हे पॅरलल पोर्टाचंच कॉम्प्युटरमधलं नाव). दुसरी, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला तोच पंचवीस भोकांचा कनेक्टर असलेली केबल. केबल घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. कॉम्प्युटर उघडावा लागत नाही, लॅपटॉपलाही चालते, ब्रेकआउट बोर्डाला (पोर्टाच्या पिना मशीनच्या वायरींशी जोडणाऱ्या बोर्डाला) नीट जोडलीही जाते. मोटर मात्र जागची हलत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांची प्रोजेक्टंही इथेच अडतात आणि चांगल्या सर्किटची उगाच सोल्डरिंग काढून तपासणी होते.

फरक आहे तो पिन कोणाच्या ताब्यात आहे याचा.

कार्डावरच्या पोर्टात पिन तुमच्या प्रोग्रॅमच्या ताब्यात असतात. पोर्टाला कॉम्प्युटरमध्ये एक पत्ता असतो. मदरबोर्डवरच्या जुन्या एलपीटी-१ चा तो बहुधा हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ३७८. त्या पत्त्यावर एक बाइट लिहिला की त्याचे आठ बिट २ ते ९ या आठ पिनांवर जसेच्या तसे उभे राहतात. ५ लिहून बघा. मल्टिमीटरची काळी प्रोब २५ नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्राउंडवर ठेवा. पिन २ वर व्होल्टेज येईल, ३ वर जवळपास शून्य, ४ वर पुन्हा व्होल्टेज, कारण ५ म्हणजे बायनरीत १०१. पुढचा आकडा लिहीपर्यंत पिना तशाच राहतात. याशिवाय पुढच्या पत्त्यांवर चार कंट्रोल पिना आउटपुटसाठी आणि पाच स्टेटस पिना इनपुटसाठी मिळतात. कंट्रोलपैकी १, १४ आणि १७ हार्डवेअरमध्येच उलट्या आहेत, तिथे १ लिहिलं की पिन खाली जाते. लिमिट स्विच (मशीन हद्दीला पोचल्याचं सांगणारे), इमर्जन्सी स्टॉप जोडायचे ते स्टेटस पिनांवर. त्यातली ११ नंबरची तेवढी उलटी.

केबलमध्ये हा पत्ताच नसतो. तिच्या टोकाशी एक चिप बसलेली असते आणि विंडोजच्या दृष्टीने ती चिप म्हणजे प्रिंटर. कॉम्प्युटर यूएसबीवरून तिला छापायचा मजकूर पाठवतो. ती एक बाइट डेटा पिनांवर ठेवते, स्ट्रोब पिनवर छोटी पल्स देते, समोरच्या प्रिंटरची बिझी पिन खाली येण्याची वाट बघते आणि मग पुढचा बाइट घेते. समोर प्रिंटरऐवजी एलईडी असतील तर बिझी पिन मोकळी राहते, चिप ती सहसा वर धरते, आणि तिला वाटतं प्रिंटर कामात आहे. तुमचा प्रोग्रॅम ३७८ वर लिहीत राहतो. तिथे ऐकायला कुणी नसतं, तरी एरर येत नाही. मुलं फसतात ती या शांततेमुळे.

काही जण ही बिझी पिन, म्हणजे ११ नंबरची, ग्राउंडला जोडून प्रिंटिंगच्या वाटेने बाइट पाठवतात. एखादा एलईडी लागतो आणि जमलं असं वाटतं. पण कोणता बाइट कोणत्या क्षणी पिनवर येईल हे चिप ठरवते. मॅक-३ या सीएनसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नेहमीची सेटिंग २५,००० हर्ट्झ, म्हणजे दर ४० मायक्रोसेकंदाला पोर्टाकडे एक फेरी. फुल-स्पीड यूएसबीचं वेळापत्रक १ मिलिसेकंदाच्या फ्रेमने चालतं. तेवढ्यात मॅक-३ च्या २५ फेऱ्या होऊन जातात. मशीनच्या स्टेपर मोटरला, म्हणजे दर पल्सला एक पाऊल फिरणाऱ्या मोटरला, पल्स समान अंतराने लागतात. त्या मागेपुढे झाल्या की मोटर स्टेप चुकवते आणि जॉब वाया जातो.

ओळखायची खूण डिव्हाइस मॅनेजरमध्ये आहे. खरं कार्ड पोर्ट्सच्या गटात एलपीटी नावाने येतं आणि त्याच्या रिसोर्सेस टॅबमध्ये पत्त्याची रेंज दिसते. केबल यूएसबी कंट्रोलर्सच्या गटात यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट म्हणून दिसते, पत्ता कुठेच नाही. दुकानात केबल लावून बघायला मिळाली तर एवढंच तपासा.

कार्ड घेतलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस कार्डाचा पत्ता ३७८ असेलच असं नाही. रिसोर्सेसमध्ये दिसेल तोच प्रोग्रॅममध्ये टाकायचा. बरीच नवी कार्डं ५ ऐवजी ३.३ व्होल्ट देतात आणि काही ब्रेकआउट बोर्डांना ते पुरत नाहीत. मॅक-३ चा पॅरलल ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, ३२ बिट लागते. लिनक्सवर चालणारं लिनक्ससीएनसी हा चांगला पर्याय आहे, त्यालाही खराच पोर्ट हवा. आणि कार्ड कितीही चांगलं असलं तरी रिले थेट पिनवर लावू नका. १९८१ च्या आयबीएम कार्डावरची ७४एलएस३७४ चिपसुद्धा पिन वर असताना जेमतेम २.६ मिलिअ‍ॅम्पिअर देत होती. मध्ये यूएलएन२८०३ ही करंट वाढवणारी चिप किंवा ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) हवाच.

नुसते दोन-चार रिले सावकाश चालू-बंद करायचे असतील तर दोन्ही सोडा आणि अर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड घ्या. केबलीची खरी जागा आडत दुकानात आहे, कार्बन कॉपीच्या पावत्या काढणाऱ्या डॉट मॅट्रिक्सपाशी. तिथे ती चोख काम करते.

कार्डवाल्यांसाठी एक गोष्ट फार जपण्याची. कॉम्प्युटर सुरू होताना बायोस आणि विंडोज पोर्टावर प्रिंटर शोधतात, तेव्हा पिना आपोआप वर-खाली होतात. स्पिंडलचा, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरचा, रिले त्या वेळी ओढला जाऊ शकतो. म्हणून स्पिंडलची आणि मोटर ड्रायव्हरची मेन सप्लाय सॉफ्टवेअर उघडल्यानंतरच द्या, आणि ब्रेकआउट बोर्डावर चार्ज पंपची सोय असेल तर ती जरूर वापरा: सॉफ्टवेअरकडून सतत पल्स येत असेल तेवढा वेळच बोर्ड आउटपुट सोडतो.