व्हीनस 175 आणि ‘नक्कल’ या शब्दाचा घोळ

जुन्या चावीच्या क्रोनोग्राफांच्या, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळांच्या, तबकड्यांवर नावे डझनावारी दिसली, तरी आतली यंत्रे मोजक्याच घराण्यांतली असतात. बहुतेक घड्याळवाले यंत्र स्वतः घडवत नसत; स्विस ज्यूरातील कारखान्यांकडून एबोश, म्हणजे अर्धसिद्ध यंत्र, विकत घेऊन त्याची जुळणी आणि सजावट तेवढी करीत.

मूत्ये गावच्या व्हीनस कारखान्याचे 175 हे अशांपैकीच एक. त्यातील सुरू-बंद-शून्य ही कामे कॉलम व्हील या कंगोरेदार चाकाकडे असत. ते कोरून काढणे खर्चाचे असल्याने पत्र्यातून ठोकून काढलेल्या कॅमची, म्हणजे तेच काम करणाऱ्या सपाट चकतीची, स्वस्त यंत्रे पुढे वरचढ ठरली आणि त्याच कारखान्यानेही कॅमचे व्हीनस 188 आणले.

कालांतराने 175ची यंत्रसामग्री चीनला विकली गेली. तेथे 1961मध्ये हवाई दलासाठी क्रोनोग्राफ बनवण्याचा ‘प्रकल्प 304’ सुरू झाला होता. त्यातून निघालेल्या यंत्राचा वंश आज एसटी19 या नावाने चालू आहे आणि त्याला सर्रास ‘नक्कल’ म्हटले जाते. हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. दुसऱ्याची वस्तू समोर ठेवून, मापे घेऊन, परवानगीवाचून केलेली ती नक्कल. येथे तर यंत्रसामग्रीच मोल देऊन घेतलेली होती. त्याच वेळी ‘हे म्हणजे व्हीनसच’ हा विक्रेत्यांचा दावाही पूर्ण खरा नाही, कारण मूळ यंत्र ताशी 18,000 ठोक्यांचे होते आणि आजचे एसटी19 21,600 ठोक्यांवर चालते. ‘वंशज’ हा शब्द मात्र दोन्ही गोष्टींना न्याय देतो.

व्हीनस 188चा प्रवासही याहून वेगळा नाही. 1966मध्ये व्हीनस कारखान्याचे व्हॅल्जू या दुसऱ्या स्विस कारखान्यात विलीनीकरण झाल्यावर तेच यंत्र व्हॅल्जू 7730 झाले, त्यातून 7733 आणि तारीख दाखवणारे 7734 निघाले. 1970च्या दशकात, बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झ घड्याळांच्या लाटेत स्विस कारखाने हेलकावे खात असताना, 7734ची सामग्री मॉस्कोला गेली. तिच्यावर घडलेल्या 3133 या यंत्राचे ठोकेही 18,000 वरून 21,600 करण्यात आले. तरीही त्याला ‘नक्कल’ म्हणणारे तुलनेने थोडेच भेटतात.