टाइम कॅप्सूल : बॅकअपसाठी आलेली डिस्क आणि तिच्यावर साठत गेलेल्या फाइली

१५ जानेवारी २००८. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी पाकिटातून मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप बाहेर काढला आणि लोकांच्या लक्षात तोच राहिला. त्याच भाषणात जाहीर झालेलं टाइम कॅप्सूल मागे पडलं. माझ्या मते ही दोन्ही यंत्रं एकमेकांशेजारी ठेवूनच पाहायला हवीत. एअरमध्ये डीव्हीडीची सोय नव्हती, यूएसबी पोर्ट एकच होता आणि हार्ड डिस्क ८० जीबीची. टाइम कॅप्सूल म्हणजे वाय-फाय राउटर, आणि त्याच्या पोटात ५०० जीबी किंवा १ टीबीची डिस्क. किंमत २९९ आणि ४९९ डॉलर. मांडीवर ८० जीबी आणि कोपऱ्यातल्या राउटरमध्ये ५००! फोटो, गाणी, व्हिडिओ तिकडे सरकणारच होते.

खरं तर राउटरवर फाइली ठेवायची सोय बॅकअपच्याही आधीची. जानेवारी २००७ च्या एअरपोर्ट एक्स्ट्रीम या ॲपलच्या राउटरला यूएसबी डिस्क जोडून ती घरभर वापरता येत असे. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती, लेपर्ड, आली आणि त्याच्यासोबत टाइम मशीन. दर तासाला आपोआप बॅकअप घेणारी ही सोय छानच होती, पण त्यासाठी डिस्क केबलने जोडलेली लागे, आणि लॅपटॉप काही एका जागी बसत नाही. राउटरला जोडलेल्या डिस्कवर टाइम मशीन चालेल असं आधी सांगितलं होतं. प्रत्यक्ष लेपर्डमधून ते वगळलं गेलं. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २००८ च्या अखेरीस, टाइम कॅप्सूल विक्रीला आलं आणि ती उणीव भरून निघाली.

गुंता सुरू होतो तो इथे. नेटवर्कवरचा बॅकअप टाइम मशीन सुट्या फाइलींच्या रूपात ठेवत नाही. प्रत्येक मॅकसाठी ‘स्पार्सबंडल’ नावाची एक डिस्क इमेज (म्हणजे फाइलीच्या रूपातली डिस्क) तयार होते आणि ती आतून लहान लहान तुकड्यांत विभागलेली असते. बदललेले तुकडेच लिहायचे, म्हणून वाय-फायवरही हे जमतं (पहिला पूर्ण बॅकअप मात्र रात्रभर चालू शकतो, तो इथरनेटची वायर लावूनच घ्यावा). ही इमेज जागा मिळेल तशी वाढत जाते. डिस्क भरली की टाइम मशीन आपलेच जुने बॅकअप पुसतं, पण तुमच्या फोटोंसाठी आपणहून जागा करून देत नाही. बॅकअपने इतकीच जागा घ्यावी असं ठरवून द्यायची साधी सोय नव्हती, आणि आतल्या डिस्कचे एअरपोर्ट युटिलिटीतून (राउटरची मांडणी करायच्या ॲपलच्या ॲपमधून) दोन भागही करता येत नसत. फाइली आणि बॅकअप एकाच जागेत, मध्ये भिंत नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच. टाइम मशीन बॅकअप घेतं ते मॅकचा, टाइम कॅप्सूलचा नव्हे. लॅपटॉपवर जागा करण्यासाठी जे फोटो तिकडे हलवले आणि इकडून पुसले, त्यांची जगात एकच प्रत उरली, आणि तीही बॅकअपच्या डिस्कवर असल्यामुळे सुरक्षित वाटणारी. एअरपोर्ट युटिलिटीत अख्खी डिस्क यूएसबी डिस्कवर उतरवणारा ‘आर्काइव्ह’ पर्याय होता. पण तो आठवणीने, हाताने चालवावा लागे.

आणि यंत्रं बंद पडू लागली. फेब्रुवारी ते जून २००८ दरम्यान विकलेली काही टाइम कॅप्सूल सुरूच होत नाहीत किंवा अचानक बंद पडतात, हे ॲपलने २०१० मध्ये मान्य केलं आणि ती दुरुस्त किंवा बदलून द्यायची तयारी दाखवली. डिस्क शाबूत आणि खोकं मेलेलं. बॅकअपवाल्याचा मूळ मॅक तरी हातात होता. ज्याच्या फाइली फक्त तिथेच होत्या, त्याला तळाचं चिकटवलेलं रबर सोलून आतली डिस्क काढण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता.

२०१३ मध्ये उंच मनोऱ्यासारखं शेवटचं मॉडेल आलं आणि एप्रिल २०१८ मध्ये ॲपलने राउटरचा धंदाच थांबवला. नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या भाषांपैकी टाइम कॅप्सूल एएफपी आणि एसएमबीची पहिली आवृत्ती एवढंच बोलतं. एसएमबीची ती आवृत्ती असुरक्षित म्हणून मागे पडली आहे, आणि एएफपी पुढच्या एखाद्या मॅकओएसमधून (मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिममधून) काढून टाकणार असल्याचं ॲपलने २०२५ मध्ये कळवलं. ज्यांच्या फाइली अजून तिथे आहेत त्यांनी इथरनेटची वायर लावून, फाइंडरमधून त्या दुसऱ्या डिस्कवर आत्ताच उतरवून घ्याव्यात. मॅकओएस पुढचं घेण्याआधी.