जमाववाचक इंग्रजी शब्द

माणसांच्या एकत्र येण्याला इंग्रजीत असलेल्या क्राउड, मॉब, थ्राँग, गॅदरिंग, असेंब्ली, काँग्रिगेशन, रॅली, हॉर्ड इत्यादी शब्दांचा गट. या शब्दांमधला फरक संख्येचा क्वचितच असतो. लोक कशासाठी जमले, स्वतःहून आले की बोलावल्यावरून, आणि बोलणारा त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, यांवर शब्द ठरतो. बडोद्यासारख्या शहरात हा प्रश्न कोशापुरता राहत नाही. येथील मराठी माणूस इंग्रजी बातमी वाचतो, गुजराती जाहीरनामा वाचतो आणि घरी मराठी बोलतो. तीन भाषांतील जमाव एकमेकांवर नेमके बसत नाहीत. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत १९३१ मध्ये निघालेल्या ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ या कोशात इंग्रजी शासकीय संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी दिले आहेत. अशा कामाची निकड बडोदे संस्थानाला जाणवली, हे स्वाभाविक होते.

मॉब : या शब्दाची व्युत्पत्ती ठरलेली आहे, जन्मस्थळ मात्र वादाचे आहे. ‘मोबिले व्हल्गस’ म्हणजे चंचल, सहज हलणारा सामान्य जनसमूह, या लॅटिन शब्दप्रयोगाचे हे लघुरूप. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातले एकटे ‘मोबिले’ इंग्रजीत रूढ झाले आणि साधारण १६८० ते १६९० या दशकात त्याचे ‘मॉब’ झाले. रॉजर नॉर्थ या इंग्रज लेखकाने या शब्दाचे श्रेय लंडनच्या ग्रीन रिबन क्लबला दिले आहे. राजसत्तेच्या विरोधकांचा हा अड्डा. त्यांनी आपल्या मागे जमणाऱ्या लोकांना आधी पूर्ण लॅटिन नाव दिले व ते पुढे आपोआप एकाक्षरी झाले, असे त्याचे म्हणणे. नॉर्थ स्वतः विरुद्ध पक्षाचा होता आणि त्याचे हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १७४० मध्ये, छापले गेले. शिवाय ‘मोबिले’ हे रूप याआधीच वापरात होते. त्यामुळे क्लबाने शब्द घडवला असे म्हणण्यापेक्षा लंडनच्या राजकीय धामधुमीत तो पसरला, असे मानणे अधिक सुरक्षित. जोनाथन स्विफ्टला हे तोडलेले रूप अजिबात मान्य नव्हते. १७१० मध्ये त्याने त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली. शब्द टिकला, आणि त्यातला तुच्छभावही टिकला.

हा तुच्छभाव इतिहासलेखनातही अडचणीचा ठरला. गुस्ताव ल बाँ याचे जमावाच्या मानसशास्त्रावरचे १८९५ चे फ्रेंच विवेचन पुढच्याच वर्षी इंग्रजीत आले, तेव्हा ‘फूल’ या फ्रेंच शब्दासाठी क्राउड वापरला गेला. विवेचनातला समूह मात्र बराचसा मॉबच्या वळणाचा आहे. विसाव्या शतकात जॉर्ज रूदे व ई. पी. टॉम्पसन (१९७१ चा निबंध) या इतिहासकारांनी धान्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांना मॉब म्हणण्याचे टाळून क्राउड हा शब्द जाणीवपूर्वक घेतला. या लोकांना स्वतःची न्यायाची कल्पना होती, हे त्यांनी पुराव्याने दाखवले असल्याने त्यांची निवड योग्य वाटते. मराठी अनुवादात हा भेद ‘झुंड’ आणि ‘जमाव’ यांनी पाळता येतो व तो पाळावा.

क्राउड आणि गर्दी : क्राउडच्या मुळाशी रेटणे, ढकलणे या अर्थाचे जुने इंग्रजी क्रियापद आहे, नाम म्हणून तो सोळाव्या शतकातला. मराठी ‘गर्दी’ हा त्याचा रोजचा प्रतिशब्द, पण तिचा मार्ग निराळा आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत गर्दी म्हणजे दंगा, धामधूम, नासाडी. एक मत ती फारसी ‘गर्द’ म्हणजे धूळ यावरून आणते, तर दुसरे फिरणे या अर्थाच्या फारसी धातूवरून (आवारागर्दीतली गर्दी). ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे धुळीस मिळवणे, हा प्रयोग पहिल्या मताला बळ देतो. भाऊगर्दी हा शब्द या अर्थांतराचा सर्वांत बोलका साक्षीदार. पानिपतावरच्या (१४ जानेवारी १७६१) सदाशिवरावभाऊंच्या स्वारीतील धुमाळीची त्यात आठवण आहे. आज निवडणुकीच्या बातमीत ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ वाचताना ती कोणाला होत नाही. गुजरातीत हाच शब्द ‘गिरदी’ होऊन केवळ दाटीपुरता उरला आहे. तेथे मॉबसाठी ‘टोळुं’ येतो. मराठी ‘टोळी’शी त्याचे साम्य फसवे आहे, कारण टोळीला म्होरक्या असतो, टोळ्याला बहुधा नसतो.

कायद्यातील जमाव : येथे मात्र संख्या बोलते. इंग्लंडमध्ये १७१५ पासून अमलात आलेल्या रायट अॅक्टनुसार बारा किंवा अधिक लोकांपुढे दंडाधिकारी जाहीरनामा वाचे. तासाभरात न पांगल्यास तो गंभीर गुन्हा होई. १८६० च्या भारतीय दंड संहितेने पाच ही संख्या व समान उद्देश मिळून ‘अनलॉफुल असेंब्ली’ ठरवली (कलम १४१). १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम १८९ मध्ये आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा इत्यादी कारणांवरून केलेल्या खुनाची तरतूद त्याच संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. वृत्तपत्रे त्याला मॉब लिंचिंग म्हणतात, पण कलमात मॉब हा शब्द नाही, ‘ग्रुप’ आहे. मराठी कायदेभाषेत रायटला दंगा व अॅफ्रेला (सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग करणे) दंगल म्हणतात. दंगलीला दोन माणसे पुरतात, हे बातम्यांतल्या वापराच्या अगदी उलट आहे. अनलॉफुल असेंब्ली मराठीत ‘बेकायदेशीर जमाव’ होते आणि गुजरातीत ‘गेरकायदेसर मंडळी’. घरच्या माणसांना आणि श्रोत्यांना ‘मंडळी’ म्हणणाऱ्या बडोदेकर मराठी वाचकाला फिर्यादीत हा शब्द प्रथम भेटतो तेव्हा तो थबकतो. तसेच मराठी ‘जमावबंदी’च्या जागी येथील जाहीरनाम्यांत सभा-सरघस यांवरील बंदी असते, सरघस म्हणजे मिरवणूक किंवा मोर्चा.

बोलावलेले जमाव : काँग्रिगेशनमध्ये कळप या अर्थाचा लॅटिन ‘ग्रेक्स’ आहे. विल्यम टिंडलने १५२६ च्या बायबल-अनुवादात चर्चऐवजी हा शब्द योजला, त्यावर टॉमस मोरने कडाडून टीका केली, आणि १६११ च्या अधिकृत अनुवादाने पुन्हा चर्च स्वीकारला. एका जमाववाचक शब्दावरून एवढा वाद क्वचितच झाला असेल. असेंब्ली हा विधिमंडळाचाही शब्द. बडोदे संस्थानातील विधिमंडळ ‘धारासभा’ म्हणवले जाई. गुजराती आमदार आजही ‘धारासभ्य’ आहे, तर मराठीत विधानसभा रूढ झाली. साहित्य संमेलने बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ व २०१८ मध्ये भरली. संमेलनाला इंग्रजीत कॉन्फरन्स म्हणावे तर त्यातला उत्सव जातो, फेस्टिव्हल म्हणावे तर अध्यक्षीय भाषण व ठराव जातात.

रॅली व मोर्चा दोन्ही लष्करातून आले. पहिला पांगलेले सैनिक पुन्हा गोळा करण्यावरून, दुसरा तटबंदी किंवा तोफांच्या ठाण्यावरून. प्रोसेशन मात्र वरघोडा (गुजराती वरात), गणपतीची मिरवणूक आणि अंत्ययात्रा या सर्वांना एकच शब्द देतो.

हॉर्ड (मोठा, दांडगा जमाव) तुर्की ‘ओर्दू’ (छावणी) पासून, म्हणजे उर्दू या भाषानामाच्याच घरातला.

मराठीत आलेले इंग्रजी शब्द : गॅदरिंग मराठीत शाळा-कॉलेजच्या वार्षिक स्नेहसंमेलनापुरते आकुंचले आहे. ‘पब्लिक’ म्हणजे जमलेले लोक. तरुणांच्या बोलण्यात ‘क्राउड’ एखाद्या ठिकाणी येणाऱ्या लोकांचा दर्जा सांगतो, त्यांची संख्या नव्हे.