मेंदूतला काळा पट्टा आणि खोकल्याचे औषध

कंपवाताने (पार्किन्सनने) मृत्यू पावलेल्या रुग्णाच्या मध्यमेंदूचा छेद घेतला, तर निरोगी मेंदूत ठळक दिसणारा काळसर पट्टा तेथे फिका पडलेला, कधी जवळजवळ पुसला गेलेला दिसतो. सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या या पट्ट्यातील पेशी हालचालींवर ताबा ठेवायला लागणारे डोपामाइन हे रसायन तयार करतात. त्या का मरतात, या प्रश्नामागे लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ अँथनी शापिरा यांनी आपली कारकीर्द लावली.

पहिला धागा मात्र अमेरिकेत सापडला होता. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात चोरून बनवलेले कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेले काही तरुण अचानक जखडून गेले. त्यांची लक्षणे हुबेहूब कंपवाताची होती. त्या मालात भेसळ झालेल्या एमपीटीपी या रसायनापासून मेंदूत जे विष बनते, ते मायटोकॉन्ड्रियातील ‘कॉम्प्लेक्स 1’ हे एन्झाइम अडवते, असे पुढे उघड झाले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या साखळीची ही पहिली कडी. मग असले काही न टोचलेल्या, चारचौघांसारख्या रुग्णांतही हीच कडी ढिली असेल का? शापिरा स्नायूंमधील मायटोकॉन्ड्रियाच्या विकारांवरही काम करत असल्याने अशा मोजण्या त्यांच्या हातच्या होत्या. 1989 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून कळवले, की मृत रुग्णांच्या त्या पट्ट्यात कॉम्प्लेक्स 1 ची क्रिया खरोखरच घटलेली आहे.

यावर शंका निघणे साहजिक होते. पेशीच मेल्या, म्हणून आकडा खाली आला असेल. किंवा वर्षानुवर्षे घेतलेल्या लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाचा तो परिणाम असेल. म्हणून या गटाने मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी या दुसऱ्या आजाराचे मेंदू तपासले. तेथेही याच पेशी नष्ट झालेल्या असतात, तरी कॉम्प्लेक्स 1 शाबूत होते. माझ्या मते मूळ शोधाइतकीच ही पडताळणी मोलाची आहे.

उपचार मात्र इतक्या सरळ वाटेने आले नाहीत. मायटोकॉन्ड्रियाला ‘पेशीचे वीजघर’ म्हणण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली, त्यामुळे वीजघराला मदत पुरवली की काम भागेल, असे वाटणे स्वाभाविक होते. उत्तर अमेरिकेत 600 रुग्णांवर को-एन्झाइम क्यू-10 या, ऊर्जेच्या साखळीला हातभार लावणाऱ्या पदार्थाची मोठी चाचणी झाली आणि 2014 मध्ये तिचा निष्कर्ष छापून आला: काहीही फायदा नाही.

शापिरा यांचे लक्ष मधल्या काळात पेशीतल्या कचऱ्याच्या व्यवस्थेकडे, म्हणजे लायसोसोमकडे वळले होते. निकामी मायटोकॉन्ड्रियाचीही विल्हेवाट अखेर तेथेच लागते. जीबीए1 या जनुकात दोष असेल, तर लायसोसोममधील एक एन्झाइम दुबळे पडते, आणि असा दोष कंपवाताच्या साधारण 5 ते 15 टक्के रुग्णांत आढळतो. हे एन्झाइम नसलेल्या उंदरांच्या चेतापेशींत मायटोकॉन्ड्रियाही बिघडलेले आढळले आहेत.

या एन्झाइमला काम करण्याजोगा आकार घ्यायला मदत करणारा रेणू निघाला अ‍ॅम्ब्रोक्सॉल, आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये असणारा. त्याचे मूळ तर अडुळशातील व्हॅसिसीनपर्यंत जाते. आजीच्या काढ्याचा हा दूरचा नातलग म्हणायचा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या छोट्या चाचणीत 17 रुग्णांना दिवसाला 1.26 ग्रॅम, म्हणजे खोकल्यासाठीच्या मात्रेच्या दहापटीहून अधिक अ‍ॅम्ब्रोक्सॉल दिले गेले आणि ते मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोहोचले. रुग्णांच्या हालचाली काहीशा सुधारल्या, पण तुलनेसाठी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणारा गट नव्हता. तो गट असलेली, 330 रुग्णांची चाचणी ब्रिटनमध्ये 2025 मध्ये सुरू झाली असून प्रत्येक रुग्णावर दोन वर्षे लक्ष ठेवले जाणार आहे.