ऑक्सिमीटरवर 98, म्हणून फुप्फुस ठणठणीत?

कोविडनंतर कापसाचं गाठोडं उचलताना दम लागतो, पण बोटावरच्या ऑक्सिमीटरवर 98 (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) दिसलं की लातूर-बीडकडं घरचे म्हणतात, ‘मनाचं आहे.’ हे चूक आहे. बसल्याजागचा आकडा श्रमाबद्दल सांगत नाही. ऑक्सिमीटर बोटावर ठेवून पक्क्या खुर्चीवरून हात न टेकता 1 मिनिट उठबस करा, सोबत कुणी असू द्या. आकडा 3 ने किंवा जास्त उतरला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. (बोटावर मेंदी नको, आकडा चुकू शकतो.) आकडा आधीच 95 च्या खाली असेल किंवा छातीत दुखत असेल, तर उठबस नकोच, थेट दवाखाना.

डॉक्टरांकडची स्पायरोमेट्री चाचणी श्वासातल्या हवेचं प्रमाण आणि वेग मोजते. ऑक्सिजन रक्तात किती सहज उतरतो, हे डीएलसीओ चाचणीतून कळतं. दोन्ही नॉर्मल आल्या तरी त्रास खराच: श्वासाची लय, हृदय, रक्ताची कमतरता तपासायलाच हवी.