यागी अँटेनाची नळी बदलताय? करवत लावण्याआधी हे वाचा

काउंटरवर नेहमीचा प्रश्न: डिझाइन अमेरिकन आहे, त्यात एलिमेंट (अँटेनाची एकेक दांडी) पाव इंची जाड, म्हणजे ६.३५ मिमी. तुमच्याकडे १० मिमीची नळी आहे. मापं तीच ठेवली तर चालेल ना?

नाही चालणार. नळी जाड झाली की तेवढ्याच लांबीचं एलिमेंट खालच्या फ्रिक्वेन्सीला काम करू लागतं, म्हणून ते आखूड करावं लागतं. इथवर बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती पुढे: ‘सगळी एलिमेंट दीड टक्का कापा’ असा एकच हिशेब लावला जातो.

दोन मीटर बँडची तीन एलिमेंटची यागी घ्या: मागे रिफ्लेक्टर, मध्ये केबल जोडलेलं ड्रिव्हन एलिमेंट, पुढे डायरेक्टर. १४५ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी १०३४ मिमी. एलिमेंट या मापाच्या जितकं जवळ, तितका जाडीचा फरक कमी. जितकं आखूड, तितका जास्त. म्हणून ६.३५ वरून १० मिमीवर येताना १०२० मिमीचा रिफ्लेक्टर जेमतेम २ मिमीने कमी होऊन १०१८ वर येतो. ९७५ मिमीचं ड्रिव्हन एलिमेंट ९६८ होतं. ९३० मिमीचा डायरेक्टर मात्र ९१६ वर येतो, चांगला १४ मिमी! बूमवरची, म्हणजे एलिमेंट धरणाऱ्या मधल्या दांड्यावरची, अंतरं आहेत तशीच राहतात, नवी भोकं पाडायला नकोत. (आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या डिझाइनची मापं वेगळी निघतील.)

डायरेक्टर न कापता बसवला तर तो सुमारे २ मेगाहर्ट्झ खाली सरकतो. आपला बँड १४४ ते १४६, म्हणजे अख्खा बँडच सरकला म्हणा. त्यातून लांब राहिलेला डायरेक्टर हळूहळू रिफ्लेक्टरसारखा वागायला लागतो, मग गेन (समोरच्या दिशेची ताकद) जातो आणि मागून येणारे सिग्नलही दाबले जात नाहीत. एक-दोन मिमी आखूड झाला तर मात्र फारसं बिघडत नाही. चुकायचंच असेल तर आखूडकडे चुका.

‘पण एसडब्ल्यूआर १.१ दाखवतोय!’ (केबल आणि अँटेना किती जुळलीत ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम.) दाखवेल की. ड्रिव्हन एलिमेंट आणि मॅचिंग जुळवलं की मीटर खूश होतो. डायरेक्टरचं काय चाललंय ते त्याला कळत नाही. डमी लोडचाही (सिग्नल बाहेर न सोडता जिरवणारा रेझिस्टर) एसडब्ल्यूआर उत्तमच असतो.

दुसरी गोष्ट बूमची. एलिमेंट धातूच्या बूममधून आरपार जाऊन त्याला चिकटत असेल, तर ते विद्युतदृष्ट्या आखूड पडतं आणि लांबी थोडी वाढवावी लागते. प्लास्टिकच्या ठोकळ्यावर, बूमपासून चांगलं वर उचलून बसवलं तर ही दुरुस्ती जवळजवळ लागत नाही. मूळ डिझाइनमध्ये एलिमेंट कसं बसवलंय ते आम्हाला नक्की सांगा; हे विसरलं की बाकीचा हिशेब वाया.

एचएफच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झ) यागीत आणखी एक गुंता. २० मीटर बँडचं एलिमेंट दहा मीटर लांबीच्या आसपास, तेव्हा जाड नळीत बारीक नळी सरकवत जावं लागतं. असं निमुळतं एलिमेंट एकसारख्या जाडीच्या एलिमेंटपेक्षा लांब लागतं. अमेरिकन नळ्यांची भिंत ०.०५८ इंची असते, त्यामुळे एक इंचीत ७/८ इंची नळी छान सरकते, मोकळीक पाव मिमीपेक्षाही कमी. आपल्याकडच्या २५ मिमी, १८ गेज नळीत २२ मिमीची नळी खुळखुळते. १६ गेजची भिंत आणखी जाड, तीत ती शिरतच नाही. मग पत्र्याची शिम घाला, नाहीतर टप्पेच बदला. टप्पे बदलले की लांबी पुन्हा मोजणं आलं. हिशेब एनईसी-२ या अँटेनाच्या सॉफ्टवेअरवर करत असाल तर सावध राहा, जाडीच्या टप्प्यांवर ते चुकतं. ईझेडनेक या प्रोग्रॅममधली, निमुळत्या एलिमेंटसाठीची लीसन दुरुस्ती चालू ठेवा.

ऑर्डर देताना मूळ डिझाइनमधली प्रत्येक एलिमेंटची लांबी, जाडी, बूमचं माप आणि तुमची फ्रिक्वेन्सी लिहून आणा. नळी जुनी असेल तर व्हर्नियरने मोजा; ‘दहाची असेल बहुतेक’ यावर आम्ही कापत नाही. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ लावणार असाल तर पितळी स्क्रू नकोत, स्टेनलेसचे घ्या. कापलेली नळी परत घेतली जात नाही.

रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर आम्ही नेमक्या मापात कापून देतो. ड्रिव्हन एलिमेंट मुद्दाम १० मिमी लांब ठेवतो. ते गच्चीवर मीटर लावून, दोन्ही टोकांनी थोडं थोडं, तुम्हीच छाटायचं.