आवडतं चित्र आवडतं कसं झालं

चित्रसंग्रहालय पाहून आलेल्या कुणालाही ‘काय आवडलं?’ विचारा, ठरावीक पाच-सात नावंच कानावर येतात. ही आवड चित्रांइतकीच जुनी असेल असं वाटतं. तसं नाही.

नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या मॉरित्सहाउस संग्रहालयातली, मोत्याचं कानातलं घातलेली मुलगीच घ्या. योहानेस फर्मीर या डच चित्रकाराने ती १६६५ च्या सुमारास रंगवली. तो १६७५ मध्ये गेला आणि पुढे दीड-दोनशे वर्षं त्याचं नाव मोजक्या जाणकारांपुरतंच उरलं. १८६६ मध्ये तेओफिल तोरे या फ्रेंच समीक्षकाने त्याच्यावर लेख लिहिले, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं. तरीही १८८१ च्या लिलावात हे चित्र, मळून काळवंडलेलं, २ गिल्डर (तेव्हाचं डच चलन) ३० सेंटला गेलं! घेणाऱ्या देस टॉम्बने ते मृत्युपत्राने संग्रहालयाला दिलं.

चित्राच्या जवळ गेलं की खरी गंमत कळते. मोत्याला कडा नाही, कानात अडकवायला आकडासुद्धा नाही. वर पांढऱ्या रंगाचा एक ठसठशीत फटकारा, खाली कॉलरचं पुसट प्रतिबिंब, झालं. उरलेला मोती आपलेच डोळे पुरा करतात. आणि ज्या काळोखामुळे चेहरा एवढा उजळ वाटतो, तिथे मुळात हिरवा पडदा होता. २०१८ मध्ये चित्राची तपासणी झाली तेव्हा त्याच्या घड्यांच्या खुणा सापडल्या. हिरवा रंग काळाच्या ओघात उतरून गेलेला. म्हणजे आपल्याला आवडतं ते अर्धं फर्मीरचं, अर्धं काळाचं.

मोनालिसाची गोष्ट वेगळी. जाणकारांत तिचा मान आधीपासून होता, पण घराघरांत पोहोचवलं ते चोराने. २१ ऑगस्ट १९११ रोजी, सोमवारी, पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद असताना विन्चेन्झो पेरुज्जाने ती पळवली. हा तिथेच चित्रांच्या काचांचं काम केलेला कारागीर! वर्तमानपत्रांनी तिचा चेहरा जगभर छापला. रिकामी भिंत पाहायला रांगा लागल्या. दोन वर्षांनी, डिसेंबर १९१३ मध्ये, ती फ्लॉरेन्सला सापडली.

आज तिच्यासमोरच्या भिंतीवर वेरोनेसे या इटालियन चित्रकाराचं ‘काना गावचं लग्न’ आहे. जवळपास १० मीटर रुंद, १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिसच्या मठातून उचलून आणलेलं. लग्नाच्या जेवणावळीतली शंभराहून जास्त माणसं त्यात आहेत, आणि पाहायला आलेल्यांची पाठ बहुतेक वेळा तिकडेच असते.